जितकं उपटेल, तितकं पुढे

"विचारलंस कुणाला?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. नर्सरीत कुणी कुदळ उचलली, झाड हलवलं, नुसती गाडी सावलीत लावली तरी ती कमरेवर हात ठेवून हेच विचारायची. आमचा पेशावरचा फोरमन पहिल्याच आठवड्यात वैतागला. "मॅडम, साहब को पूछा," म्हणाला. "साहेबाला नाही, जागेला," ती म्हणाली. त्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी कॉम्प्युटरकडे.

दुबईबाहेर, अल ऐनच्या रस्त्याला आमच्या लँडस्केपिंग कंपनीची नर्सरी आहे. मी तिथे ॲडमिनमध्ये. मूळची वसईची, राहते शारजात, अल नहदाला. ती झाडांच्या विभागात सुपरवायझर म्हणून आली. तुम्ही तिला पाहिलं असतंत तर तुम्हीही फसला असतात. दुबईच्या करामा भागातले वेटर तिच्याशी मल्याळममध्ये बोलायचे, टॅक्सीवाले तिला सुदानची समजायचे. कुठली विचारलं की ती ऑस्ट्रेलिया म्हणायची. "हो, पण मूळची?" "मूळचीच," म्हणायची.

ती तिथल्या आदिवासींपैकी होती. तिच्या लोकांचा मुलुख उत्तरेकडे एका नदीकाठी. त्याला नुसतं जमीन म्हटलेलं तिला आवडत नसे. घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसं ती बोलायची. तो आजारी आहे, त्याच्याशी बरेच दिवस कुणी बोललेलं नाही, त्याला भेटायला हवं.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी तिला करामाला जेवायला नेलं. सुरमई खाता खाता तिने आजीची हकीकत सांगितली. आजी त्या नदीच्या एका डोहाजवळ जन्मली. पुढे तो सगळा भाग एका गोऱ्या कुटुंबाच्या गुरांच्या कुरणात गेला. त्यांच्याच स्वयंपाकघरात, पीठ आणि चहा-साखरेच्या बदल्यात, आजीने उमेदीची वर्षं काढली. म्हातारपणी तिला डोह बघावासा वाटला, म्हणून नात तिला घेऊन गेली. फाटकाला साखळी होती. मालकाचा तरुण मुलगा गाडीतून उतरला, ही खाजगी मालमत्ता आहे म्हणाला आणि कुलूप नीट लागलंय ना ते ओढून पाहिलं. आजी फाटकाबाहेर मातीत बसून राहिली. ऊन उतरल्यावर नातीने तिला उचलून गाडीत ठेवलं. डोह न बघताच म्हातारी गेली.

"नंतर आम्ही कोर्टात गेलो," ती म्हणाली. "मुलुख आमचा आहे आणि आम्ही तो कधी सोडला नाही, हे सिद्ध करायचं होतं. त्या मुलाने लिहून दिलं की माझ्या काळात त्यांच्यातलं कुणी इकडे फिरकलंच नाही."

मग कोर्टाचं सगळं सोडून तू इथे कशाला आलीस, असं मी विचारलं.

"तो मुलगा इथे आहे, सिस. तुमचा साहेब."

साहेब म्हणजे नर्सरीचा मॅनेजर. कुणावर आवाज न चढवणारा, ईदला आणि नाताळला सगळ्यांना मिठाई देणारा माणूस. तिचा इंटरव्ह्यू त्यानेच घेतला होता. तुला ओळखलं कसं नाही, असं मी विचारलं, तर म्हणाली, त्याला आमच्यातलं कुणीच ओळखू येत नाही. आता काय करणार, तर म्हणाली, अजून ठरवलेलं नाही. आणि आणखी भात वाढून घेतला. मला माझ्या व्हिसाची काळजी वाटायला लागली.

मग तिने माझ्या जमिनीचं विचारलं. वसईत आमच्या वाडीभोवती एका बिल्डरने भिंत घातली आणि पप्पांना स्वतःच्याच विहिरीवर मागच्या गटाराकडून जावं लागायचं, एवढं मी सांगितलं. तिने खाणं थांबवलं. "नाव काय त्याचं? राहतो कुठे?" मी हसले. ती हसली नाही.

त्यानंतर मी त्या दोघांवर नजर ठेवून असायचे. तो तिच्या कामाची तारीफ करायचा, ती थँक्यू म्हणायची. एवढंच.

निकाल तिच्या लोकांच्या बाजूने लागला. तो जाहीर करायला जज्ज नदीवर येणार, तिथे मोठा सोहळा होणार होता. तिने जावं म्हणून मी रजेचा अर्जसुद्धा भरून दिला. तिने तो फाडला. ऑफिसची मीटिंग रूम मागून घेतली आणि आमच्या गावाकडचा कार्यक्रम दाखवते, या, असं साहेबाला सांगून आली.

तो कॉफीचा कप घेऊन आला. पडद्यावर लाल धूळ, मंडप, अंगावर पांढरे पट्टे ओढलेल्या बायका, धावणारी पोरं. जज्जबाईंनी एकेका जागेचं नाव त्यांच्याच भाषेत वाचलं. डोहाचं नाव आलं तेव्हा बायका रडत रडत नाचायला उठल्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती साहेबाच्या मागे उभी राहून त्याच्या मानेकडे बघत होती.

त्याने नदी ओळखली. कप खाली ठेवला.

"माझी आजी फाटकाशी बसली होती," ती म्हणाली. "आठवतं?"

तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. त्याला आठवलं नाही. इतकी वर्षं तिने जे जपलं होतं, ते त्याच्याकडे नव्हतंच. तिचा चेहरा मला बघवेना.

तो हळूच म्हणाला, "माझी आई तिथेच आहे. डोहाच्या वर पुरलंय तिला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आता विचारून जावं लागेल."

ते कुरण त्याच्या घरच्यांनी कधीच विकलं होतं. आता तिच्या लोकांच्या परवानगीशिवाय तिथे कुणाला पाय ठेवता येणार नव्हता. आठवड्याभराने तो माझ्या टेबलापाशी आला आणि माझ्यासमोर तिला विचारलं. "बघते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, बघते. ईद आली, ईद गेली, त्या वर्षी मिठाई वाटायचं तो विसरला. खोटं कशाला बोलू, ती बघते म्हणायची तेव्हा मला पप्पांसाठी बरं वाटायचं.

शेवटी तिने मावशीला फोन केला. मावशी तिकडची कर्ती बाई. ती लगेच म्हणाली, येऊ दे त्याला. हिचा संताप झाला. खतांच्या शेडमध्ये जाऊन ही रडली. आजीच्या वतीने माफ करणारी ती कोण, असं मला चारदा म्हणाली. मग तिने मावशीला पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"माफ कोण करतंय?" मावशीचा आवाज सावकाश होता. "त्याच्या बापाने गुरांसाठी गवत पेरलं ना, ते डोहापर्यंत पोचलंय. दरवर्षी पेटतं आणि आमची झाडं जाळतं. डोह साफ करायचाय, हात कमी आहेत. गवत फाटकापासून त्याच्या आईपर्यंत आहे. त्याला सांग, जितकं उपटेल तितकं पुढे यायचं."

तेच गवत आमच्या नर्सरीत आम्ही मुद्दाम वाढवतो. इकडच्या वाळवंटातही ते आपोआप येतं. त्या दिवशी ती त्या रोपांच्या ट्रेंपाशी बराच वेळ उभी राहून स्वतःशीच हसत होती.

साहेबाने अट ऐकली आणि लांब सुट्टी टाकली. तिने राजीनामा दिला. फाटकावर आपणच असायला हवं म्हणाली. तिला विमानतळावर सोडायला मीच गेले. मिठी मारताना म्हणाली, बिल्डरचं नाव लक्षात ठेव.

तिकडून ती व्हिडिओ कॉल करायची. मागे मुलुखाची राखण करणारी, गणवेशातली तरुण पोरं विळे आणि पोती घेऊन कामाला लागलेली आणि त्यांच्यात साहेब, गुडघ्यांवर, मान भाजून लाल झालेली. ही झाडाखाली खुर्ची टाकून संत्रं सोलत असायची. मावशी दुपारी त्याला सगळ्यांबरोबर जेवायला बसवते, ही तिची तक्रार. "पण पानात वाढत नाही हं. स्वतः घ्यायला लावते."

एके दिवशी तो पोचला. फोटो कुठे आहे, असं मी विचारलं. काढला नाही म्हणाली. तो आईपाशी बसला होता, ती जवळ गेली नाही. जाताना तो तिच्याकडे आला. फाटकाशी बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव काय होतं, असं त्याने विचारलं.

"मग सांगितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "ते त्याला मिळणार नाही."

तिच्यामागे डोहाचं पाणी दिसत होतं आणि कडेला मोकळी, काळी माती. कुणीतरी तिला हाक मारली. तिने फोन तसाच झाडाला टेकवून ठेवला आणि चपला काढून पाण्याकडे चालत गेली. मी बराच वेळ इकडे रिकामा किनारा बघत बसले.