पाळीवरचा पोंगा

गेल्या रविवारी सकाळी मी गाडीखाली आडवा झालो होतो आणि फोन वाजला. गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या घरामागे टिनाचं शेड आहे, तिथे माझी जुनी अँबेसेडर असते. आणि रविवारी मी पण तिथेच असतो...

फोन गोंदियाच्या लॉनवाल्या सेठचा. त्याच्या लग्नाच्या लॉनची वेबसाइट मी केलीय. होमपेजसाठी बरा फोटो मिळेना, म्हणून माझीच गाडी फुलं लावून उभी केली होती.

"भाई, तेरे खटारे की बुकिंग आई है," सेठ म्हणाला. "शादी की नहीं. अस्पताल से बच्ची को घर ले जाना है. मैंने तेरा नंबर दे दिया."

मला वाटलं मस्करी करतोय. दिवसा नागपूरच्या एका कंपनीचं कोडिंग घरून, संध्याकाळी राईस मिल, कोचिंग क्लास असल्या साइड वेबसाइट्स, आणि त्यातून जे उरतं ते सगळं या गाडीत... पण तिला कुणी बुक करेल हे स्वप्नातही नव्हतं.

मग सुजाताताईंचा फोन आला. माहेर चोरखमारा, गोंदियाच्या दवाखान्यात त्यांना मुलगी झालेली. मोबाईलवर लॉनचा फोटो बघता बघता त्यांना गाडीचा नंबर दिसला... ती त्यांच्या बाबांची, तुळशीरामकाकांची टॅक्सी होती.

मी तिरोड्याच्या एका डीलरकडून गाडी घेतली, त्यामुळे आधीचं मला काहीच माहीत नव्हतं. ताई सांगत होत्या आणि मी तिथेच पाना हातात धरून बसून राहिलो.

आजूबाजूच्या गावांतली कितीतरी बाळं दवाखान्यातून याच गाडीत घरी गेली. गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी चढली की काका पोंगा वाजवायचे, लांब लांब... तो ऐकला की घरचे तांब्याभर पाणी घेऊन दारात उभे राहायचे, शेजारी बाहेर यायचे. मुलगा असो की मुलगी, वाजवणं सारखंच.

ताईंना लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. काका म्हणायचे, तुझं लेकरू मीच आणीन घरी. मग त्यांचे डोळे गेले, गाडी विकावी लागली, आणि त्यांनी तो विषयच बंद केला.

"आता नात झाली तर दवाखान्यात यायले तयार नाहीत," ताई म्हणाल्या. "म्हणतात, कायले येऊ, मी का आणून राहिलो तिले?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "भाऊ, फोटोत पोंगा नाही दिसून राहिला. आहे ना?"

"लावतो," मी म्हणालो.

पोंगा मीच काढला होता. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर बसवलेला पितळी पोंगा, रबरी गोळा दाबून वाजवायचा. जुन्या गाड्यांच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपवर सगळ्यांचा एकच मंत्र, गाडी ओरिजिनल पाहिजे. पोंगा कंपनीचा नव्हता, म्हणून गेला खोक्यात.

खोकं शोधलं. पितळ ठीक होतं, पण रबर पार सडलेलं. स्पेअर पार्टच्या दुकानांत तो गोळा आता कुणी ठेवत नाही. शेवटी बाजारातल्या कुल्फीवाल्या चाचांना विचारलं, त्यांच्या ठेल्यावर असाच पोंगा आहे. त्यांनी ठेल्याखालून जादाचा गोळा काढून दिला. "बच्ची के लिए है ना, ले जा," एवढंच बोलले.

डिस्चार्जच्या दिवशी मी सुट्टी टाकली. ताई बाळाला घेऊन मागे बसल्या आणि मी एवढी हळू चालवली की सायकलवाले पुढे जात होते. पाळीवर चढलो. बाळ झोपलेलं, माझी हिंमत होईना... "वाजवा भाऊ," ताई म्हणाल्या.

वाजवला. आणि गावातली सगळी पोरं हातात चिल्लर घेऊन पळत आली... कुल्फीवाला समजून.

घरासमोर पोचलो तर काका अंगणात उभे. "कुल्फीवाला नाही होय रे," पोरांना सांगत होते. "माही गाडी होय थे."

चाचपडत बॉनेटपर्यंत आले, मग खिडकीपर्यंत, मग पोंग्यापर्यंत. गोळा हळूच दाबून बघितला. "रबर नवा आहे. आवाज लेकरावानी निंगून राहिला." मग ताईंनी बाळ त्यांच्या हातात दिलं.

"चाल बाबू," काका एकदम मला म्हणाले. "परत पाळीवर घे."

"बाबा, आत्ताच तर आलो. काऊन?" ताई म्हणाल्या.

"तू आली. मी कुठी आणली तिले?"

आम्ही परत गाडीत बसलो. जुन्या अँबेसेडरची पुढची सीट अखंड असते. मी स्टिअरिंगवर, मधे काका, खिडकीशी ताई आणि बाळ. पाळीवर जाऊन गाडी वळवली आणि काका माझ्या अंगावरून ओणवे झाले, त्यांचं कोपर थेट माझ्या बरगडीत. पाळीपासून घरापर्यंत पोंगा थांबलाच नाही.

बाळ दचकून उठलं आणि जोरात रडायला लागलं. ताईंनी बाबांचा हात धरला. "रडू दे," काका म्हणाले. "गावाले समजू दे कोण आलं ते."

या वेळी दारात पाणी घेऊन शेजारच्या बाया उभ्या होत्या. काका बाळाला घेऊन स्वतः उतरले.

काल ग्रुपवर गाडीचा नवा फोटो टाकला. लगेच कमेंट आली, 'हॉर्न ओरिजिनल नाही भाऊ.' मी 'हो' एवढंच लिहिलं.

पोंगा आता तिथेच राहणार. कुल्फीवाल्या चाचांना मात्र सांगायचं राहिलंय, की त्यांच्या गोळ्याने कुणाला घरी आणलं... आज संध्याकाळी जातो.