उगवतीच्या अंगाला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या सोबत्यांनाही नाही. जिच्याबद्दल आहे तिला सांगायची गरजच नाही — ती तिथंच होती, तिचा हात माझ्या हातात होता. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझं आडनाव विचारणार नाही.

पाहा, पहिल्याच दमात स्वभाव बाहेर पडला. मी संशयी माणूस आहे. कुणी माझ्याशी गोड बोललं की याला काय पाहिजे असेल, हे मी आधी शोधतो. कुणी काही विचारलं की प्रश्नाच्या मागं दुसरा प्रश्न असणार, असं धरूनच चालतो. बऱ्याचदा तो असतोही. म्हणूनच तर ही सवय सुटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. मी वाशिमला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि घरची मंडळी गावी होती — अनसिंगच्या अलीकडं आमचं गाव. वाशिममध्ये खोली शोधताना मी फार फिरलो होतो. आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. शेवटी मी गावाच्या नावाला ‘कर’ जोडला आणि दुसऱ्याच दिवशी खोली मिळाली. मालकीणबाई ताकसुद्धा पाठवायच्या. ते ताक पिताना मला रोज वाटायचं, आज कळलं तर उद्या सामान रस्त्यावर. हे मी सबब म्हणून सांगत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांनी आडनाव ताठ मानेनं सांगितलं आणि खोलीवाचून दिवस काढले.

माझी थोरली मुलगी सुजाता तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. ती पाळण्यात असताना गोवर आला आणि जाताना तिचे डोळे घेऊन गेला. पण तिच्या तोंडी शब्द ‘पाहू’ हाच. ‘पाहू’ म्हणून ती हात पुढं करायची आणि वस्तू तळहातावर ठेवली की पाहून झालं. मग माझं बोट धरून त्या वस्तूवर ठेवायची — “बाबा, तुमीबी पाहा.” मीही पाहायचो. चिंचोक्याला एका बाजूनं खाच असते, हे मला तिनं दाखवलं.

तिचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात खापऱ्या. आमचं गाव जुन्या पांढरीवर बसलेलं आहे. पांढरी म्हणजे जुनं गाव मातीत दबून झालेलं टेकाड, तिथली माती राखेसारखी पांढुरकी असते. त्या टेकाडाच्या उगवतीच्या उतारावर आमचा बौद्धपुरा. पावसानं उतार धुऊन निघाला की आमच्या घरामागं मडक्यांचे तुकडे उघडे पडायचे. पोरं लंगडीच्या खेळाला घ्यायची. सुजाता मात्र त्यातले निवडून ठेवायची.

वाशिमात एका निवृत्त गुरुजींनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या दोन खोल्यांत जुन्या काळच्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं, असं कचेरीत कळलं. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, हे आम्ही शाळेत घोकलेलं. पण गुरुजींनी म्हणे लहान पोरांना हाताळता येईल असं सगळं ठेवलं होतं. आंधळ्या पोरांनाही. मला पहिला विचार काय आला असेल? — याला यातून काय मिळतं?

तरी मी तिला गावाहून घेऊन गेलो. एवढं एक चांगलं केलं असं वाटतं, पण तेही निखळ नाही. एसटीतून उतरल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि म्हणालो, “तिथं कोनाले जय भीम नको म्हनू. नमस्कार म्हन.” तिनं काहून म्हणून विचारलं. मी म्हणालो, शहरात तसंच म्हणतात. ती लगेच कबूल झाली. तेव्हा माझ्या शब्दावर तिचा असा विश्वास होता.

दारावर पाटी होती — हात लावा. उभ्या जन्मात मी ‘हात लावू नका’ हीच पाटी वाचलेली. ही पाटी मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मला वाटलं, ही आपल्यासाठी नसणार.

आत एक पाऊल टाकतो तोच गुरुजी बादली घेऊन आले. त्यांचं आडनाव मी इथं सांगत नाही; आडनावावरून माणूस ओळखायचा उद्योग मी त्या दिवशी पोटभर केला. म्हणाले, “आंधी हात धुऊन घ्या, भाऊ.” झालं. माझं डोकं तिथंच फिरलं. हात लावा म्हणता आणि आम्हालाच हात धुवायला लावता? त्यात त्यांनी पाणी घातलं ते वरून. लोटा आमच्या हातांपासून चांगला उंच. असं वरून पाणी माझ्या बापानं जन्मभर ओंजळीत घेतलं होतं. मला वाटलं, यानं ओळखलं. कशावरून ओळखलं असेल? बोलण्यावरून? सुजाताच्या नावावरून? — पण नाव तर अजून कुणी विचारलंही नव्हतं.

सुजाता मात्र खूश होती. भिंतीलगत तिच्या कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधला होता. तो धरून चाललं की एकेका टेबलापाशी बरोबर पोचता यायचं. एका टेबलावर ताम्रपटाची नक्कल होती, तिची खोदलेली अक्षरं बोटांना लागत होती. एकीकडं जुनी वीट होती, एवढी जड की ती तिला उचलेना. एक दगडी पाटा-वरवंटा होता आणि शेजारी मूठभर ज्वारी, वाटून पाहायला. ओल्या मातीच्या गोळ्यावर ठसा दाबून तिनं हत्ती उठवला आणि माझं बोट धरून त्याची सोंड दाखवली. मी पाहत नव्हतो. मी गुरुजींच्या तोंडाकडं पाहत होतो.

त्यांनी विचारलं, “गाव कोनतं तुमचं?”

मी गाव सांगितलं.

“मंग तं पांढर असन तिथं. पांढरीच्या कोन्या अंगाले राह्यता तुमी?”

तुम्ही खेड्यातले असाल तर हा प्रश्न तुम्हाला समजला असेल. गावात माणूस कोणत्या अंगाला राहतो, हे कळलं की बाकी काही विचारावं लागत नाही. उगवतीला कोण, मावळतीला कोण, देवळाजवळ कोण — सगळं ठरलेलं. मला वाटलं, आला, अखेर मुद्द्यावर आला. सरळ आडनाव विचारायला लाजतो आणि असा आडून विचारतो.

मी म्हणालो, “मारुतीच्या पाराजवळ.”

“तिथं खापरं निंगतात काय?”

“नाही.”

“आन् उगवतीच्या अंगाले?”

आणि मग मी जे म्हणालो, ते मी उभ्या आयुष्यात पुन्हा कधी उच्चारलं नाही. मी म्हणालो, “तिकडं दुसरे लोकं राह्यतात. आमी जात नाही तिकडं.”

दुसरे लोक. माझी आई त्या वेळी तिथं अंगणात बसून डाळ पाखडत असेल.

सुजाता तोवर पुढच्या टेबलाशी पोचली होती. तिथं मडक्यांचे तुकडे मांडले होते, आतून काळे, बाहेरून लाल — रंग तिला काय ठाऊक. पण तिनं एक उचलला, अंगठा आतून फिरवला, कडेची बारीक खाच चाचपली, आणि तिचा चेहरा असा उजळला की आजही तो डोळ्यांपुढून जात नाही. “बाबा, हे तं आपल्या घरामांगं आहे. माह्यापाशी डब्बाभर आहे.”

गुरुजी झटकन वळले. त्यांच्या म्हाताऱ्या तोंडावर तिच्यासारखाच उजेड आला. टेबलाला धरून ते कसेबसे तिच्यापुढं खाली बसले. “कोठं, बेटा? घरामांगं म्हंजे कोन्या अंगाले?”

ती तोंड उघडणार होती. इथंच सांगतो, मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं नाही. वेळ होता. मी विचार करून बोललो. “तिले दिसत नाही, गुरुजी. तिले काय समजते. काहीबाही बोलते ते.”

तिच्या डोळ्यांवरून तोवर गावात कुणी काही बोललं नव्हतं. ते मी बोललो, तिच्या बापानं, एका परक्या माणसापुढं, माझं खोटं झाकायला.

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो तुकडा जिथून उचलला होता तिथंच, शेजारच्याला न हलवता, ठेवून दिला.

इतक्यात बाहेर जीप थांबली. शहरातलं बडं खटलं, मंडळी जरीच्या पदराची, पायात चांगले जोडे. गुरुजी बादली घेऊन दारात गेले. “आंधी हात धुऊन घ्या, भाऊ.” तीच बादली, तोच लोटा. पाणी तसंच उंचावरून — म्हाताऱ्याला वाकवत नव्हतं, एवढंच. आणि आत आल्यावर त्या घरच्या मालकाला त्यांनी विचारलं, “गाव कोनतं मुळातलं? पांढरीच्या कोन्या अंगाले वाडा तुमचा?” मालकानं मजेत सांगितलं आणि गुरुजी खापरांचं विचारत बसले. त्यांना खापरांचंच विचारायचं होतं. मला विचारलेल्या प्रश्नामागं दुसरा प्रश्न नव्हताच.

मी तिथंच उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं की नाही? — गुरुजी, मी खोटं बोललो, आम्ही उगवतीचे, पोरगी खरं सांगते. एका वाक्याचं काम होतं. पण जीपवाली मंडळी ऐकत होती, आणि मालकीणबाईंचं घर संग्रहालयाच्याच आळीत होतं. मी सुजाताचा हात धरला आणि बाहेर पडलो.

एसटीत ती खिडकीशी बसली होती. गाडी शहराबाहेर आली तेव्हा तिनं विचारलं, “बाबा, मले खरंच नाही समजत काय?”

गाडीचा आवाज फार होता. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

इथं संपलं असतं तरी मी कदाचित स्वतःला समजावलं असतं. पण पुढं एका रविवारी मी गावी असताना गल्लीत कुणीतरी घरोघर विचारत येत होतं, “इकडं खापरं सापडतात काय हो, मायबाई?” मी आवाज ओळखला. माझ्याआधी तिनं ओळखला. आमच्या वस्तीत ते आपल्या पायांनी चालत आले होते, दारादारात थांबत होते, शेजारच्या अंगणात पाणी मागून प्याले — मी दाराच्या फटीतून पाहिलं, लोट्याला तोंड लावून प्याले. माझा उरलासुरला संशयही तिथं गेला. आता फक्त लाज राहिली, आणि ती संशयापेक्षा वाईट.

सुजाता उठली. तिनं कोनाड्यातून डबा काढला, छातीशी धरला आणि दाराकडं निघाली. “बाबा, वाशिमचे गुरुजी आले.”

मी तिचं मनगट धरलं. “बस. दुसरं कोनी आहे.”

ती उभी राहिली. बाहेर गुरुजी अजून बोलत होते, अगदी स्पष्ट, भिंतीच्या पलीकडं. तिनं मान कलती करून ऐकलं. मग माझ्याकडं तोंड वळवलं. तिला दिसत नव्हतं, तरी मी खाली पाहिलं. “बरं,” ती म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

शेजारच्या पोरानं गुरुजींना उतारावर नेलं. पिशवीभर खापरं घेऊन ते गेले. ती खापरं नंतर त्या संग्रहालयात आमच्या गावाच्या नावानं मांडली होती, असं ऐकलं. मी पाहायला गेलो नाही. तिला तर नेलंच नाही.

आता ती मोठी आहे, अंध मुलांच्या शाळेत शिकवते, सुट्टीत येते. माझ्याशी चांगली वागते. औषधं आणते, पायाला तेल लावते. ‘पाहू’ म्हणून ती अजूनही हात पुढं करते, पण पाहून झालं की वस्तू आईच्या हाती देते. माझं बोट ती धरत नाही.

आणखी एक आहे. दारात कुणी आलं की चाहुलीवरूनच तिला कळतं, कोण आलं ते. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसतं. पण मी घरात असलो की ती सांगत नाही. ती थांबते. मी उठतो, दारात जातो, पाहतो आणि म्हणतो, अमका आला आहे. मग ती म्हणते, “बरं.”