भांग उतरेपर्यंत

माझी बायको दीपमाला काही करत नाही. म्हणजे शिवरात्रीच्या यात्रेत तीन दिवस ती नेमकं काय करते असं कोणी विचारलं, तर ती सांगते, "काई नाही, बसते." मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, मला बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणून तिच्या बसण्याची गोष्ट मीच सांगतो.

आम्ही मुकुटबनला राहतो. गावापासून सहा-सात किलोमीटरवर एक टेकडी आहे, टेकडीवर महादेवाचं ठाणं आहे, आणि शिवरात्रीला तिथं यात्रा भरते. वणी, पांढरकवडा, नदीपलीकडचा तेलंगणा, सगळीकडून माणूस येतो. महादेव म्हटला की भांग आलीच. पिणारे बहुतेक जण हसतात, दुप्पट जेवतात आणि झाडाखाली पडून राहतात. पण दरवर्षी पंधरा-वीस जण असे निघतात की त्यांना भांग चढत नाही, गिळते. आपण मेलो, आपल्याला वेड लागलं, आता हे कधीच संपणार नाही, असं त्यांना खरोखर वाटतं. अशांसाठी पायऱ्यांच्या बाजूला कडुनिंबाखाली एक मांडव असतो, तीन बाजूंनी हिरवी जाळी लावलेला. यवतमाळच्या काही तरुण डॉक्टरांनी तो सुरू केला आणि गावातलं कोणी सोबत हवं म्हणून दीपमालाला बोलावलं. लोक त्याला भांगेचा मांडव म्हणतात, त्यामुळे पहिल्या वर्षी चार जण गिलास घेऊन प्यायला आले होते.

आम्ही बौद्ध. महादेवाला आम्ही हात जोडत नाही, आणि यात्रेत दीपमाला काय करते म्हणून नातेवाइकांनी तिला टोकलंही. तिनं एवढंच उत्तर दिलं, "मी मांडवात बसते, मंदिरात नाही." पुन्हा कोणी विचारलं नाही.

हे काम तिला का जमतं, ते मला माहीत आहे. ती आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती. जून महिन्यात पोडावरची, म्हणजे रानातल्या वस्तीवरची कोलाम आदिवासींची लेकरं पहिल्यांदा घर सोडून यायची आणि रडून रडून आजारी पडायची. मास्तर समजूत घालायचे, दीपमाला घालायची नाही. ती लेकराला चुलीपाशी बोलवायची, पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं ठेवायची आणि स्वतः फोडायला लागायची. थोड्या वेळानं लेकरूही फोडायला लागायचं.

आणखी एक कारण आहे, ते ती स्वतःच सगळ्यांना सांगते, लपवत नाही. तिचा धाकटा भाऊ धर्मपाल राजूरच्या खाणीत कामाला होता. एका होळीला त्याला कोणीतरी भांगेचा पेढा दिला. तो घाबरून ओरडायला लागला, तेव्हा दीपमालानंच त्याला खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. चार तास तो दार वाजवत होता आणि घरातले सगळे हसत होते, ही पण हसत होती. धर्मपाल आजही दार लावून झोपू शकत नाही.

तर दोन वर्षांमागची गोष्ट. दुपारचे बारा वाजले होते. दर्शनाच्या रांगेतून एकदम गलका उठला. डफ वाजत होते, बाया ओरडत होत्या, "अंगात आलं, अंगात आलं." मी आणि दीपमाला पाहायला गेलो. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी पायऱ्यांवर बसून डोलत होती, हसत होती आणि हसता हसता रडत होती. तिचे केस सुटले होते. कोणी तिच्या कपाळावर कुंकू थापलं होतं, कोणी मांडीवर नारळ ठेवला होता. एक म्हातारी पायावर डोकं टेकवून विचारत होती, "माय, माह्या नातवाची नोकरी कवा लागन?" पोरगी म्हणत होती, "मले घरी जायचं हाय." म्हातारीनं ते ऐकलं, मान डोलावली आणि बाजूच्या बाईला सांगितलं की नातवाला घरी बोलावून घ्या म्हणते देवी. जितके डफ वाढत होते तितकी पोरगी जास्त घाबरत होती, आणि ती जितकी घाबरत होती तितके डफ वाढत होते. असले शहाणे लोक मी एकतीस वर्षं गाडीत कोंबले आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, राग मात्र आला.

दीपमाला पोरीजवळ उकिडवी बसली. डोळे लाल, जीभ कोरडी, पण श्वास ठीक होता आणि विचारल्यावर नाव सांगता येत होतं. खुशी. शेजारी आई होती, कौसल्या. दीपमालानं तिला हळूच विचारलं, "सकाळपासून पोरीनं काय खाल्लं, काय पेली?"

"उपास हाय तिचा. खाल्लं काईच नाही. खाली ठंडाई वाटून राह्यले होते, ते दोन गिलास पेली. गोड होती म्हणे."

"हिरवी होती का?"

कौसल्यानं नवऱ्याकडे पाहिलं. मारोतराव म्हणजे पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, गावात वजन असलेला माणूस. त्यानं मान खाली घातली. गिलास त्यानंच प्रसाद म्हणून पोरीच्या हातात दिले होते, त्यात काय आहे ते न विचारता.

तिथं 'देवी नाही, भांग आहे' असं ओरडून सांगितलं असतं, तर मारामारीच झाली असती, आणि सांगणारी बौद्धाची बाई म्हटल्यावर तर बोलायलाच नको. दीपमाला म्हणाली, "ऊन लागून राह्यलं पोरीले, सावलीत बसवू." एवढ्यावर कोणाची हरकत नव्हती. ती पोरीला धरून मांडवात घेऊन आली. पण मागून चाळीस बायाही आल्या. तेव्हा ती मला म्हणाली, "अवो, या लोकायले बाहेर थांबवा. कसंबी करा."

आता गर्दी थांबवायला मला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. मी मांडवाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि वणी डेपोचा आवाज काढला. चला, एका लायनीत, धक्काबुक्की नाही, चपला बाजूला, एका वेळी एकच. कोणी विचारलं, आत कधी सोडता? माझ्या तोंडून निघून गेलं, "देवीचा आराम चालू हाय."

माझी छाती फुगली होती. पण आपल्याकडे लोकांना रांग दिसली की ती कशाची आहे हे विचारायच्या आधी माणूस तिच्यात उभा राहतो. अर्ध्या तासात साठ झाले, दोन वाजेपर्यंत शंभरावर गेले, आणि महादेवाचं दर्शन घेऊन उतरणारेही थेट माझ्या लायनीला येऊन लागले. मांडवापुढे नारळांचा ढीग झाला. चाळीस बायांची देवी मी दोनशे माणसांची करून ठेवली होती.

आत काय चाललं होतं ते मला जाळीतून दिसत होतं. दीपमालानं पोरीच्या कपाळावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि चटईवर तिच्या बाजूला बसली, समोर नाही. समोर बसलं की माणसाला आपली चौकशी चालू आहे असं वाटतं, असं तिचं म्हणणं. खुशी तिच्याकडे वळली.

"काकू, मी मरून राह्यली का?"

"नाही. भांग पोटात गेली तुह्या. लय गेली. म्हणून असं वाटून राह्यलं."

"पण मले भेव वाटते."

"वाटनच. मी अठीच हाय. संध्याकाळलोक उतरन, तोवर मी उठत नाही."

'काही झालं नाही, उगीच घाबरू नको' असं ती एकदाही म्हणाली नाही. मारोतराव ते चार वेळा म्हणाला, तेव्हा तिनं त्याला पाणी आणायला पाठवलं. पोरीला ती घोट घोट पाणी देत होती, मधून मधून तिच्या श्वासाकडे पाहत होती. गुंगीत बोलेनाशी झाली किंवा श्वास अडखळला तर वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं, हे ठरलेलं होतं आणि त्यासाठी खाली गाडी उभी होती. मग तिनं शेंगांचं टोपलं मध्ये ओढलं.

एक वाजता खुशी म्हणाली की वेळ थांबला आहे, ती कालपासून इथंच बसली आहे आणि आता कायमची इथंच राहणार. दीपमालानं तिच्यापुढची टरफलं गोळा करून तिच्या ओंजळीत दिली. "पाह्य. मघाशी एवढी होती का?"

खुशीनं ओंजळ डोळ्यांजवळ नेली. "नव्हती."

"मंग. थांबला कुठं वेळ?"

तिनं पुन्हा शेंग उचलली. पुढचे तीन तास हेच चाललं. भीती यायची, तेव्हा ती दीपमालाचा हात धरायची. भीती ओसरली की हात सोडायची आणि शेंग फोडायची. दीपमालानं आपणहून तिचा हात एकदाही धरला नाही. ती पाणी प्यायलासुद्धा उठली नाही, कारण उठणार नाही असं तिनं सांगितलं होतं. मी बाहेर उन्हात लोकांवर खेकसत होतो, आणि आतली ती मुकाट बसलेली बाई आपली बायको आहे या विचारानं मला भरून येत होतं. हे मी तिला घरी कधी बोललो नाही, इथं लिहून टाकतो.

साडेचारच्या सुमारास खुशी म्हणाली, "काकू, भूक लागली." फोडलेले दाणे तिनं बकाबका खाल्ले. डोळे अजून जड होते, पण नजर आपल्या माणसांवर ठरत होती. खरी कटकट तिथून सुरू झाली.

मारोतराव आत आला आणि हात जोडून दीपमालाला म्हणाला, "बाई, तुमचे उपकार हायेत. पण बाहेर देवीच आलती, असंच राहू द्या."

"काहून?"

"पाहुणे पसंती सांगून गेले पोरीची. भांग पेली म्हणून कसं सांगू? देवी आली म्हटलं तर इज्जत राह्यते."

बाहेरची देवी अर्धी माझ्याच हातची होती. दीपमालानं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याला मी पुढे आठ दिवस घाबरून होतो.

तेवढ्यात लेकीच्या मागे बसलेली कौसल्या बोलली. "माह्या मोठ्या बहिणीच्या अंगात आलती, अठरा वर्षाची होती तवा. तिचं नाव रुखमाबाई हाय, पण पंचवीस वर्षांत तिले कोणी नावानं हाक नाही मारली. देवीच म्हणतात. दर मंगळवारी दारात लोक. लग्न नाही झालं, देवीसंग कोण करन? ताप आला तरी कोणी डॉक्टर नाही आणत, अंगारा मागतात." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "माही पोरगी मी नाही देत."

मारोतरावानं खांद्यावरचा दुपट्टा ओढून हातात घेतला. सगळे दीपमालाकडे पाहायला लागले. ती खुशीकडे वळली. "तुहं तू ठरव. बाहेर भांग म्हटलं तर लोक हसतीन. चार दिवस लय हसतीन. पण हसणारे विसरून जातात, पाया पडलेले विसरत नाहीत."

"तुम्ही सांगान का, काकू?"

"नाही. मी सांगतलं तर भांडण होईन. तू सांगतलं तर खरं होईन. मी बाजूले उभी राह्यते."

खुशी उठली. जवळजवळ पाच तासांनी दीपमालाही उठली, गुडघे धरून. दोघी मांडवाच्या तोंडाशी आल्या. रांग सरसावली, पुढच्या बाया वाकायला लागल्या. खुशीनं पाय मागे घेतले.

"पाया पडू नका," ती म्हणाली. आवाज बारीक होता, म्हणून मी लोकांना गप्प केलं, दिवसभरातलं माझं एवढंच बरं काम. "देवी नोती आली. मी भांग पेली होती. मले ठाऊक नोतं, ठंडाई समजून दोन गिलास पेली."

मग मागून मारोतराव आला. दुपट्टा हातात गोळा केलेला, चेहरा उतरलेला. "गिलास म्या देल्ले होते," तो म्हणाला. "न इचारता देल्ले."

आधी एक पोरगा फिस्सकन हसला, मग पाच जण हसले आणि मग सगळी रांग शेवटापर्यंत हसली. ज्यांना पुढचं ऐकू आलं नव्हतं, ते बाकीचे हसतात म्हणून हसले. मारोतरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो पोरीजवळून हलला नाही. दोन-तीन जण माझ्या अंगावर आले की दोन तास उन्हात कशाला उभं केलं, आणि त्यांचं बरोबर होतं. मी सरळ माफी मागितली.

दुपारची म्हातारी, जिच्या नातवाला नोकरी लागायची होती, ती त्यांच्याच गावची होती. ती लोकांना कोपरानं बाजूला सारत पुढे आली, पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात पुढे केला.

"खुशे," ती म्हणाली, "माहा नारळ दे वापस."

खुशीनं ढिगातला एक नारळ उचलून तिला दिला. म्हातारीनं तो कानाशी हलवून पाहिला, हा आपला नाही म्हणाली आणि दुसरा मागितला. मागे कौसल्या मांडवाचा खांब धरून रडत होती, आणि दीपमाला नेहमीसारखी तिच्या बाजूला बसली होती.