बाबुलालनं वाढवलेला खुंट

न्हावऱ्याच्या बाबुलाल शेखचं नाव निघालं की माणसं अजून म्हणतात, "सरळ माणूस. सरकारी कामात राहून त्यानं कधी हात ओला होऊ दिला नाही." तोंडावर कुणी असं म्हणालं की बाबुलाल डोक्यावरची टोपी सारखी करायचा आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचा. लोकांना वाटायचं, काय हा नम्रपणा! नम्रपणा कसला डोंबलाचा? शरमेनं त्याचा जीव अर्धा व्हायचा.

बाबुलालचा बाप गवंडी. पोराला मात्र थापीपेक्षा माणसं हाताळायची कला जास्त आलेली. विशीतच तो हौसराव कंत्राटदाराचा मुकादम झाला. हौसराव म्हणजे ऐंशी एकरांचा बागाईतदार, तालुक्यात वजन, आणि रस्त्यांची कंत्राटं घ्यायची हौस. टेंडर हौसरावानं भरायचं, माणसं बाबुलालनं आणायची, असं आठ वर्षं चाललं. पण मुकादमाची गत लग्नातल्या आचाऱ्यासारखी. जेवण त्याच्या हातचं आणि नाव यजमानाचं. बाबुलालला वाटायला लागलं, आपलंही नाव कंत्राटदारांच्या यादीत लागावं, चौथ्या वर्गात का होईना. बायकोपाशी, सुगराबीपाशी, तो रोज हेच बोलायचा.

यादीत नाव लागायचं तर दोन दाखले पाहिजेत. एक ऐपतीचा. तो घर आणि चार एकर दाखवून मिळण्यासारखा होता. दुसरा अनुभवाचा, की या माणसानं अमुक कामं स्वतः उभं राहून करून घेतली. तो द्यायचा हौसरावानं. आणि हौसराव नुसता म्हणायचा, "देऊ की रं. एवढा रस्ता होऊ दे."

तो रस्ता एकोणसाठ सालचा, खुटबावच्या शिवारातला. काळ्या रानातून भराव टाकायचा होता. कडेच्या पट्टीत ओळीनं खड्डे खणायचे आणि ती माती रस्त्यावर टाकायची. सरकार पैसे देतं ते मातीच्या मापावर. पण भराव दबतो, त्याचं माप खोटं निघतं, म्हणून माप घ्यायचं ते खड्ड्याचं. खड्डा किती खोल गेला हे कळावं म्हणून मधोमध मूळ जमिनीचा एक खांब न खणता तसाच ठेवतात, वरच्या गवतासकट. मजूर त्याला खुंट म्हणायचे. खुंटाच्या माथ्यापासून तळापर्यंत जेवढं भरेल तेवढी खोली. माप होईपर्यंत खुंटाला कुणी हात लावायचा नाही. ज्या जोडीचा खड्डा, त्या जोडीनं आपला खुंट सांभाळायचा, आणि मजुरीही त्याच मापावर.

नियमात प्रत्येक खड्डा मापायचा असतो. पण ऊन नियमाला लागत नाही, साहेबाला लागतं. तिथले ओव्हरसियर बाभळीच्या सावलीतला पहिला खड्डा मापायचे आणि रांगेतल्या बाकीच्यांना तेच माप लावून मोकळे व्हायचे. हे हौसरावाला पाठ होतं.

त्या पहिल्या खड्ड्यावर कोंडिबा आणि सरूबाई होते. खुटबावचं जोडपं, बाबुलालच्या हाताखालचं जुनं, दोघंही पन्नाशीकडे झुकलेली. कोंडिबा खणायचा, सरूबाई पाट्या वाहायची. सरूबाईचा बाबुलालवर भारी जीव. रोज्याच्या दिवसांत भर उन्हाचं त्याच्यासमोर ती पाणीसुद्धा प्यायची नाही. भरावाच्या पलीकडे जाऊन पिऊन यायची. तो म्हणायचा, "आक्का, अवो तुम्ही प्या की. माझा रोजा हाय, तुमचा न्हाई." ती म्हणायची, "तुमी उपाशी मरताय आन् मी गटागटा पिऊ व्हय?" ईदला सुगराबी आठवणीनं तिच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा द्यायची.

माप घ्यायच्या आदल्या दिवशी हौसरावानं बाबुलालला बाजूला घेतलं.

"बाभळीपाशी जरा खोली कमी वाटतीय. खुंट ईतभर वर घे."

"मालक, खुंट कसा वर घ्यायचा?"

"आता तुला मी शिकवू? उद्या माप झालं की तुझा दाखला लिहून देतो. साहेबापुढंच देतो."

बाबुलालला नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला आणि तोंडातच राहिला. दिवेलागणीला मजूर पांगले, तशी त्यानं बांधावरची हरळी मातीसकट कुदळीनं कापली, खुंटावर बसवली, पाणी मारलं, हातानं थापून कडा सारख्या केल्या. गवंड्याचंच पोर ते. असं बेमालूम बसवलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. पुढं आयुष्यभर त्याला कशाची किळस आली असेल तर त्या क्षणभराच्या कौतुकाची.

सकाळी माप घ्यायला आले ते दुसरेच. जुन्या ओव्हरसियरांची बदली झाली होती. नवे साहेब तरणे, उन्हाला न जुमानणारे. हातातली छत्री मिटून त्यांनी तिचं टोक खुंटात खुपसलं. वरचं ढेकूळ टोपीसारखं अलगद सुटलं आणि खाली जुनं गवत दिसलं, दबलेलं, वाळलेलं. एक पोरही सांगू शकलं असतं की जमीन तिथं संपली होती.

"हा खड्डा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

कोंडिबा पुढं झाला. मजुरी मापावर, म्हणजे खुंट वाढवून फायदा त्याचाही होता. हौसराव तर असा भडकला की बघणाऱ्याला खरं वाटावं. "खाल्ल्या घरचं वासं मोजता व्हय रं? माझ्या कामावर चोरी?"

तेवढ्यात सरूबाई पाटी टाकून आली. "सायेब, आमी गरीब हाय, पर असलं काम करनार न्हाई. ह्ये मुकादम रोज सांजच्याला समदे खड्डे बघून जात्यात. त्यांला इचारा. त्ये म्हणत्याल त्ये आमाला कबूल."

साहेबांनी बाबुलालकडं पाहिलं. सगळ्या रांगेनं पाहिलं. बाबुलालनं पाहिलं ते हौसरावाच्या बंडीच्या खिशाकडं. दाखल्याचा कागद तिथं होता.

"काल सांजच्याला खुंट बराबर हुता सायेब," तो म्हणाला. "मी गेल्यावर काय झालं, मला म्हाईत न्हाई."

एवढंच. पण तेवढ्यानं कोंडिबा चोर ठरला. हौसरावानं जोडीला जागच्या जागी कामावरून काढलं. साहेबांनी त्या दिवशी सगळे खड्डे स्वतः मापले, म्हणजे हौसरावाला वाढीव दिडकीही मिळाली नाही. दाखला मात्र त्यानं दिला. बाबुलालच्या तोंडाला कुलूप राहायला हवं होतं ना! जाताना सरूबाई बघत होती ती नवऱ्याकडं.

पुढच्या ईदला सुगराबीनं विचारलं, "सरूआक्काचा डबा भरू का?" बाबुलाल म्हणाला, "ती आता कामाव न्हाई." आणि भरल्या ताटावरून उठून अंगणात जाऊन बसला.

यादीत त्याचं नाव लागलं. दौंडच्या कचेरीत लाखेचं पाकीट फुटलं, सगळ्यांत खालचा दर त्याचा निघाला आणि बाबुलाल मुकादमाचा बाबुलाल कंत्राटदार झाला. त्यानंतर त्यानं एक पाटी माती खोटी दाखवली नाही. प्रत्येक खुंट स्वतः बघायचा, साहेबाला हात धरून शेवटच्या खड्ड्यापर्यंत न्यायचा. माणूस चुकला की शहाणा होतो म्हणतात. बाबुलाल शहाणा झाला नव्हता, भेदरला होता. पण भेदरलेला माणूस आणि इमानदार माणूस लांबून सारखेच दिसतात, आणि लोक लांबूनच बघतात. असं त्याचं नाव झालं.

चौसष्ट साली त्याला केडगावकडचं मातीकाम मिळालं. मजुरांच्या घोळक्यात एक कपाळ पांढरं झालेली म्हातारी उभी होती. सरूबाई. त्याला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. तरी तो पुढं झाला. आज सांगून टाकायचं, असं मनाशी म्हणतच पुढं झाला.

"आक्का, दाजी कवा गेलं?"

"दोन वरसं झाली." ती खाली बघत म्हणाली. "बाबुलालभाऊ, मला तुमच्याशी बोलायचं हुतं. त्या खुंटाचं."

बाबुलालनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तुमी त्या दिशी खरं बोलला, आन् मी मनात तुमाला लई शिव्या दिल्या. मग इचार केला, बाबुलालभाऊ कशापायी लबाड बोलंल? तवा ह्यांनीच केलं आसंल. मी लई भांडले त्यांच्याशी. त्ये शेवटपत्तोर म्हणत हुतं, सरू, म्या न्हाई गं केलं. पर मी मानलं न्हाई. मरताना तोंडात पाणी घातलं, त्येबी रागानंच."

तिनं पदरानं नाक पुसलं.

"त्येंच्यापायी सायबापुढं तुमची मान खाली गेली. त्ये तर आता न्हाईत. त्यांच्या वतीनं मी मागते. माफ करा त्यांला."

बाबुलालनं तोंड उघडलं. खरं सांगावं तर ज्या नवऱ्याला तिनं मरेपर्यंत चोर म्हटलं, तो निर्दोष होता, हे तिला कळणार. ते घेऊन ती कशी जगेल? असं त्याच्या मनात आलं. निदान पुढं तो स्वतःला असंच सांगत राहिला. खरं तर मजुरांची रांग बघत होती, आणि त्या रांगेत त्याचं नाव चांगलं होतं.

"केलं, आक्का," तो म्हणाला. "कवाच माफ केलं."

सरूबाईनं त्याला हात जोडले आणि पाटी उचलून ती खड्ड्याकडं गेली.