एलन हे नाव कुठून आलं

ईरा, नील — हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांनाही नाही. मी नीटनेटकी बाई. टॉवेलसुद्धा कडा जुळवून ठेवते, आणि तुम्ही त्यावरून मला हसता. मग ही एकच गोष्ट अशी चुरगळून मागे का कोंबून ठेवली?

मागच्या रविवारपासून सुरुवात करते — तेवढं सोपं आहे. ईराला शाळेसाठी परग्रहावरचा प्राणी काढायचा होता. मी भोरला, तुम्ही कॅनडात, मध्ये मोबाईल. मी म्हटलं, मी काढते तसं एकेक काढत या. आधी पपईसारखं लांबट डोकं. मधोमध मोठा ळ — झाले डोळे. तुम्हाला ळ इतका छान काढता येतो याचंच मला केवढं कौतुक! मग उजवीकडे ३, डावीकडे उलटा ३ — कान. खाली हसरी रेघ, तिच्यातून डोकावणारे दोन दात. डोक्यावर दोन कुरळे केस, म्हणजे अँटेना. मग काटकुळं अंग आणि पाय.

खरं सांगू? कानापाशी माझा हात थबकला होता. हे चित्र मला आधीपासून येत होतं. पण मी पुढे काढत राहिले — थांबले असते तर तुम्ही विचारलं असतं.

आणि नील ओरडला, "आज्जी, हा तर एलन आज्जीसारखा दिसतो!"

तुम्ही खदखदून हसलात. प्रेमानंच हसलात. लगेच फोटो तिला पाठवायचं ठरलं. मग ईरानं विचारलं, एलन आज्जीचं नाव असं इंग्लिश कसं? मी म्हटलं, तिला आवडायचं म्हणून.

खोटं. किती पटकन बोलले!

एलन आज्जी माझी धाकटी जाऊ. वेल्ह्याकडच्या एका डोंगरातल्या गावातून लग्न होऊन आली. जाड भिंगांचा चष्मा, बाहेर आलेले कान, जरा पुढे आलेले दात, तेल लावूनही न बसणाऱ्या दोन बटा. बोलताना "आमी", "न्हाई", "लई". मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, शाळेत शिकवणारी. ती आली आणि घरातली सगळी माणसं तिच्याभोवती जमू लागली. मला ते सोसवलं नाही का? असेल. पण कारण सापडल्यानं काय बदलतं?

उन्हाळा होता. आम्ही बायका ओसरीवर पापड लाटत होतो. ती पाणी आणायला गेली होती. मी ताटात पिठी पसरली आणि बोटानं चित्र काढू लागले. "ओळखा पाहू, कोण?" डोकं काढलं — कुणी ओळखलं नाही. ळ काढला — दोघी खुसखुसल्या. कान काढले आणि शेजारची वहिनी म्हणाली, "अगं बाई, हे तर आपलंच ध्यान!"

तेवढ्यात ती कळशी घेऊन आली. वाकून ताटात बघितलं.

"कोन हाय ही?"

मी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "एलियन."

"एलन व्हय? कुनाची लेक?"

हसून हसून एक जण लाटलेल्या पापडांवरच कलंडली. मी म्हटलं, "आपल्याच घरची."

सगळ्या हसताहेत म्हणून तीही हसली — पदरानं दात झाकून. त्याच संध्याकाळी मी हाक मारली, "एलन, भात उतरव गं." आणि ती आली. तेव्हा सासरी मुलीचं नाव बदलायची रीत होती. तिला वाटलं, थोरल्या जावेनं लाडानं नाव ठेवलं. मग सासूबाई तेच म्हणू लागल्या, दीर तेच, गल्लीही तेच. बाकीच्यांना त्यातली थट्टा हळूहळू आठवेनाशी झाली. मला मात्र प्रत्येक हाकेला आठवत होती — आणि मी हाका मारतच राहिले.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मी आंबवड्याला गेले. ती आता तिथेच शेतावर राहते. फोटो माझ्या आधी पोचला होता. मोबाईल पुढे धरून म्हणाली, "अक्का, पोरांनी काय ग्वाड काढलंय बघा!" तिला काहीच आठवत नव्हतं. मी चहा पिऊन परत येऊ शकले असते. तेवढी भित्री तर मी आहेच.

पण सांगितलं. चित्र, शब्द, शब्दाचा अर्थ — सगळं.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मंजी तवा समद्या मलाच हसत हुत्या."

"हो."

"आन् मी बी हसले तुमच्यासंगं."

बाहेर शेतात कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली. मग ती म्हणाली, "माजं नाव इंदुमती हाय, अक्का. आईनं ठिवलंय. पोरांस्नी सांगा."

म्हणून हे लिहिते आहे. तिचं नाव इंदुमती.

तिनं मला माफ केलं का? मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती माझ्याशी आधीसारखीच राहील, असंही मी धरून चाललेली नाही. पण मी उठले तेव्हा तिनं हात धरून खाली बसवलं आणि पेन्सिल पुढे केली. "कसं काढत्यात ते दावा." मी तिच्यासमोर काढलं — डोकं, ळ, कान, दात, सगळं. ती शेवटपर्यंत बघत राहिली. मग कागद आपल्याकडे ओढून म्हणाली, "एवढ्या लांबनं आलाय बिचारा, आन् पायात काय न्हाई?"

आणि तिनं त्याला चपला काढल्या. अंगठ्याच्या, जाड तळव्याच्या, चांगल्या टिकाऊ. मला तशा जमत नाहीत. येत्या रविवारी मोबाईल तिच्या हातात असेल — त्या ती स्वतःच शिकवणार आहे.