वेल्डिंगवाल्या चाचाचा अर्धा घंटा

कापसातून धूर निंघून राह्यला होता, अन् त्याच कापसावर माही आठ महिन्याची पोट्टी झोपेल होती. धावले ते वेल्डिंगवाले चाचा. साठीच्या माणसानं एका दमात खोली गाठली, लेकरू उचलून माह्या अंगावर टाकलं अन् दोन्ही हातानं कापूस उपसाले लागले.

आगीले या चाचावाणी भेणारा माणूस अख्ख्या मारेगाव तालुक्यात सापडणार नाही, अन् हाच माणूस दिवसभर आगीसंगच बसते. मशीन चालू कराच्या आधी घराभोवती असे फिरते, जसं पोरीसाठी स्थळ पाहाले आले. गोधड्या उचला, घासलेटची डबडी उचला, कोंबड्या हाकला. एकदा तं माह्या सासऱ्याच्या कानावरची बिडी बी काढून घेतली. जमिनीवर पानी शिपडते, एक बालटी पान्याची अन् एक रेतीची जवळ ठेवते. एकानं डिझेलचा रिकामा ड्रम कापाले आणला, तं चाचानं वास घेतला अन् ड्रमासकट त्याले परत पाठवलं. तो म्हणे, रिकामा हाय ना चाचा. चाचा म्हणे, "रिकाम्यातच भूत राह्यते, वाफेचं." एका लग्नात तं मांडवाच्या कापडाखालची भट्टी सरकवल्याबिगर पंगतीले बसले नाही, नवरदेव उपाशी ताटकळला. अन् काम झाल्यावर मशीन बंद करून अर्धा घंटा तिथंच बसते, नुसता वास घेत. म्हणते, ठिणगी पाहुणीसारखी असते, गेली वाटते अन् सांदीत बसून राह्यते. लोक म्हणते, बुढ्याले चायचा बहाणा पाह्यजे.

त्या साली भाव पडेल होते, तं घराघरात कापूस आढ्याले टेकेल होता. आमची बी आतली खोली भरेल. तिथंच पोरीले मऊ म्हणून निजवत जावो. ओसरीचं लोखंडी फाटक तुटेल, कुत्रे घरात शिरत, एक तं पोट्टीचं तोंड चाटून गेलं होतं. मंग चाचाले बोलावलं. पोरीचा बाप वावरात, सासरे राळेगावले गेलते. फाटकाजवळच्या टिनाच्या आडभिंतीवर हात ठेवून चाचानं इचारलं, "बेटी, इसके पिच्छे क्या है?"

मी म्हटलं, काही नाही जी, रिकाम्या कोठ्या हाय.

कापूस सांगतला असता तं सारा बाहेर काढाले लावला असता. मी एकटी, लेकरू लहान, कवा होणार होतं ते? चाचा पाहाले निंघाले, तं मी म्हटलं आत लेकरू झोपेल हाय. घरात गडीमाणूस नाही म्हणून चाचा उंबऱ्याशी थांबले. बाईच्या शब्दावर थांबले.

फाटक बसलं. चाय बी झाली. मले वाटे आता जाव या बुढ्यानं. मी दोनदा म्हटलं, घरी वाट पाहत असन जी. हलले नाही. मंग एकदम नाक वर केलं अन् म्हणे, "कपडा जलरा."

टिनाच्या फटीतून ठिणगी गेली होती. वरून कापूस पांढराशुभ्र, अन् हातभर आत लाल इस्तो. टोपल्यानं बाहेर नेला, पान्यात बुडवला, मंग एकेक गोळा फोडून पाह्यला. चाचाचे दोन्ही तळहात भाजले.

गाव जमलं, पोरीचा बाप धावत आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा म्हणे, "मेरीच गलती. पाह्यलं नाही मी." पोरीच्या बापानं लय सुनावलं, चाचा मान खाली घालून आयकत राह्यले. जातांनी हळूच मले म्हणे, "चुप रह बेटी. तेरेको घर चलाना है."

आता गावात म्हणते, बुढ्याची नजर गेली. लोक दुसऱ्याले बोलावते. बाजारात चाचा भेटले का एवढंच इचारते, पोट्टी चालाले लागली का? लागली जी, म्हणतो मी, अन् खाली पाहतो. रोज संध्याकाळी वाटते, पोरीच्या बापाले खरं सांगून टाकाव. तो पोट्टीले बोट धरून आंगणात चालवत असते, हासत असते, अन् मी चुलीकडे वळतो.

बायांनो, तुमी माह्या जागी असत्या तं काय केलं असतं?