तात्या गुरवांचा कौल

तात्या गुरव पाहुण्यांना शिव्या द्यायचे आणि पाहुणे पुन्हा यायचे. हे मला कधी उमगलं नाही. मी सौदीत अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, रत्नागिरीला परत येऊन स्वतःची घेतली, आणि तेव्हापासून स्टेशनवर उतरणारी माणसं घेऊन फिरवणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते मला चांगलं कळतं. 'या साहेब, बसा साहेब' म्हणायचं असतं. तात्या म्हणायचे, "गप बस. आधी डोळे निवू देत."

त्यांचं गाव संगमेश्वरच्याही वर, घाटाच्या पायथ्याशी. डोंगरात एक धबधबा, त्याच्या माथ्यावर जुन्या गडाची पडकी तटबंदी, खाली ओढ्याकाठी कोरीव वीरगळ, आणि या सगळ्यांच्या मधोमध देवीची रहाटी. रहाटी म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड लावायची नाही, चुलीसाठी वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. आतल्या झऱ्याचं पाणी पाटानं सगळ्या गावाला मिळायचं. तात्या त्या देवीचे गुरव, पूजा त्यांच्याकडे. आणि आलेल्याला रान दाखवायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. मी मुसलमान, म्हणून पहिल्या दिवशी बाहेरच गाडीपाशी थांबलो होतो. तर म्हणाले, "तू काय गाडी राखतोस? ती कोण नेतंय? चपला काढ नि ये आत."

पाहुणे यायचे ते फोनमध्ये यादी घेऊनच. धबधबा वीस मिनिटं, गड अर्धा तास, देवराई दहा मिनिटं. तात्या त्यांना अनवाणी जांभ्याच्या पायरीवर बसवायचे आणि काही म्हणजे काही दाखवायचे नाहीत. एक साहेब घड्याळ बघत म्हणाले, आमच्याकडे वेळ कमी आहे. तात्या म्हणाले, "मग आलास कशाला? फोटो तर तुझ्या फोनात आधीच हाय." मी कपाळाला हात लावला. पण पाऊण तासानं धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. त्या पाखराच्या पंखांचा आवाजच असा मोठा असतो की माणूस आपोआप मान खाली घालतो. साहेबांनी घातली, आणि मग संध्याकाळपर्यंत उठायचं नाव घेईनात. गड राहिला तो राहिलाच.

बाहेर पडताना तात्या प्रत्येकाला झटकून घ्यायचे. ओढणी, टोपी, पँटच्या दुमडी, बायकांचे केस. पान निघो, बी निघो, सगळं परत आत टाकायचं. म्हणायचे, "देवीचं देवीला." एका बाईंनी धनेशाचं पडलेलं पीस पर्समध्ये ठेवलं होतं. तात्यांनी काही विचारलं नाही, नुसते वाटेत आडवे उभे राहिले. बाई आधी चिडल्या, मग रडकुंडीला आल्या, मग पीस काढून दिलं. गाडीत मला म्हणाल्या, तुमचा गाईड फार उद्धट आहे हो. मी म्हटलं, गाईड नाहीत ते, आणि उद्धट आहेत हे खरं.

पण त्यांचा खरा ताप वेगळाच होता. हा माणूस खोटं बोलायचा नाही. अजिबात नाही. आता मला सांगा, पर्यटनाचा धंदा खोट्याशिवाय चालतो का? वीरगळ कुठल्या लढाईचे म्हणून विचारलं की मी लढाई सांगायचो, आणि तात्या सांगायचे, "मना म्हायती नाय. कोणीतरी मेला, त्याच्या माणसांना वाईट वाटलं, त्यांनी दगड उभा केला. एवढं दिसतं ते खरं." एकदा धबधब्यापाशी मी एका कुटुंबाला फर्मास गोष्ट ऐकवली, की गड पडला तेव्हा राणीनं याच कड्यावरून उडी घेतली. पोरीबाळींच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्या मागे उभे. सगळ्यांसमोर म्हणाले, हुसेन, ही कुठली राणी? मी गाडीची किल्ली चाचपायला लागलो. म्हणाले, सांग त्यांना, बनवलंस म्हणून. आणि चाळीस पावसाळे पाहिलेल्या मला, बायकापोरांसमोर, सांगायला लावलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. महिनाभर त्या गावाला गाडी नेली नाही. मग पुन्हा गेलो. का गेलो म्हणाल, तर त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विसंबता यायचं, आणि अशी माणसं माझ्या वाट्याला फार आलेली नाहीत.

मग गावाच्या मुंबई मंडळाला देवीचं देऊळ मोठं करायची हुक्की आली. लाकडी खांबांचं, कौलारू, गार देऊळ यांना लाजिरवाणं वाटायला लागलं. फरशीचं पाहिजे, घुमट पाहिजे, समोर मंडप पाहिजे, आणि मंडपाला जागा पाहिजे म्हणून अर्धी रहाटी पाहिजे. मंडळाचे अध्यक्ष शिमग्याला आले ते नकाशा घेऊनच. गावातल्यांना पटलं नव्हतं, पण अध्यक्षांसमोर तोंड कोण उघडणार? घरटी एक माणूस मुंबईत त्यांच्याच ओळखीनं नोकरीला. शेवटी म्हाताऱ्यांनी एवढंच म्हटलं, की देवीला विचारल्याशिवाय रहाटीला हात लावायचा नाही. कौल लावा.

कौल म्हणजे असं, की देवीच्या दगडाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आदल्या दिवशी दुपारी मी तात्यांच्या पडवीत बसलो आणि स्पष्टच बोललो. म्हटलं, पाकळी लावणार तुम्ही. उजवी जरा नीट चिकटवा, कोणाला कळतंय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हात उगारतात.

"नमाजाला उभा राहून खोटं बोलशील तू?"

मी म्हटलं, माझ्या नमाजावर झाडं तुटत नाहीत. ते उठून आत गेले. चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव देवळासमोर. मी बाजूला उभा. तात्यांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. रंगच उडाला होता तोंडाचा. एक अक्षर फिरवलं असतं तरी गाव हसत हसत मान्य करणार होतं, कारण पाकळीजवळ उभे ते एकटे होते. पण नाही. खणखणीत आवाजात सांगितलं, देवी व्हय म्हणते. म्हणजे सत्यवादीपणाचीही हद्द असते की नाही?

पाखराची मादी ढोलीत आहे, बाहेर येईस्तो पावसापर्यंत थांबा, असं तात्या हात जोडून सांगत होते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसते आणि नर बाहेरून भरवतो. अध्यक्ष म्हणाले, मशीन सांगून ठेवलंय, पाखरासाठी थांबवू काय? आठ दिवसांत मशीन आलं. ढोलीचा बेहडा पहिल्याच दिवशी आडवा झाला. मादीचं काय झालं ते मी लिहीत नाही. नर तीन दिवस चोचीत फळ घेऊन येत होता आणि झाड होतं त्या जागेवर फिरत होता. मी तात्यांवर ओरडलो. म्हटलं, तुमचं खरं घ्या आणि चाटत बसा. एवढ्या वयाच्या माणसाला मी असं बोललो. ते एवढंच म्हणाले, "मी खोटा ठरलो असतो तर उरलेली अर्धी कोणी राखली असती?"

देऊळ झालं. लखलखीत, उन्हात पाय भाजतील असं. पहिल्याच वैशाखात पाट आटला आणि उद्घाटनाच्या पंगतीला पाणी टँकरनं आणलं. एवढ्यावर कोणी शहाणं झालं असतं. पण नव्या देवळाचे फोटो फिरले, गाड्या वाढल्या, माझीही त्यात होतीच, आणि तिसऱ्या शिमग्याला अध्यक्षांनी नवा नकाशा काढला: बस लावायला जागा पाहिजे, म्हणून उरलेली रहाटी. पुन्हा गाव जमलं, पुन्हा दोन पाकळ्या. या वेळी मी तात्यांना काहीही बोललो नव्हतो.

डावी पडली. तात्यांनी सांगितलं, देवी नाय म्हणते. अध्यक्ष चिडले, म्हणाले परत लावा. तेव्हा मागून एक म्हातारी उठली. म्हणाली, "मागल्या खेपेस देवी व्हय म्हणाली, तेव्हा ह्याच माणसानं स्वतःचं काळीज कापून सांगितलं. आता नाय म्हणते तर नाय." अख्खं गाव तिच्या मागे उभं राहिलं. नकाशा गुंडाळून अध्यक्ष गाडीत बसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

दुपारी तात्या माझ्या गाडीत येऊन बसले. उजवा हात अंगापासून लांब धरलेला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा असावा. मी म्हटलं, तात्या, जिंकलात. ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "उजवीखाली फणसाचा चीक लावला होता."

फणसाचा चीक हाताला लागला तर तेल लावून घासल्याशिवाय सुटत नाही. पाकळी काय पडणार होती?

मला पहिल्यांदा हसू आलं. तौबा, मी हसलो. म्हटलं, रान तर वाचलं ना? ते म्हणाले, "वाचलं. पण आता मी तिला काय विचारू? आणि ती बोलली तरी ते तिचंच, हे कसं ओळखू?" मग माझं हसू गेलं.

त्यांनी पूजा पुतण्याकडे दिली. देवळात पाऊल टाकलं नाही, आणि रहाटीतही नाही, जी त्यांनी वाचवली होती. पाहुणे आले की पडवीतून म्हणायचे, हुसेन दाखवील, माझे पाय चालत नाहीत. हेही खोटंच. पाय चांगले धडधाकट होते, रोज गुरं घेऊन सड्याच्या माळावर जात होते. मी किती सांगितलं, रागावलो, पाया पडलो. नाही म्हणजे नाही. गेल्या पावसात गेले. मी स्टेशनवर पाहुण्यांच्या रेल्वेची वाट बघत होतो, तिथं फोन आला. पाहुण्यांना तसंच टाकून निघालो, तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

चिकाची गोष्ट मी इथे सांगितली, म्हणून गावाचं नाव लिहिलेलं नाही. शोधायला जाऊ नका. अजून कोणाचा तरी नकाशा तयारच असेल.

आता मंडळानं रहाटीच्या तोंडाशी संगमरवरी पाटी लावलीय. तात्यांचं नाव, आणि खाली, 'जन्मात कधी खोटे न बोललेले देवीचे सेवक'. पाहुणे तिच्यासोबत फोटो काढतात. त्या पाटीवर दगड घालावासा वाटतो मला, दर खेपेला. पुतण्या सगळ्यांना सांगतो, देवीनंच आपलं रान राखलं. मी गप्प बसून ऐकतो. देवीनं नाही राखलं. एका म्हाताऱ्यानं आपली देवी गमावून राखलं, आणि ती युक्ती पहिल्यांदा त्याच्या कानावर घालणारा मी होतो.